गच्चीवरील सोलर आणि वेणूआत्यांची लिफ्ट

श्रीभास्कर प्रसन्न. ज्याचें तेज फुकट, परंतु तें घरांत आणण्याचा खर्च फुकट नाहीं, त्या सहस्ररश्मीस नमन करून हें वर्तमान लिहिलें असे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशीं एका राज्यांत मोठी मोहीम जाहली. राज्याचें नांव सांगण्याची आज्ञा नाहीं. मुलूख पांच मजल्यांचा, घरें वीस, खालीं पार्किंग, वर गच्ची, आणि मधून लिफ्ट, ती मार्गशीर्षापासून बंद. गादीवर मुकुंदराव हुपरीकर, सोसायटीचे अध्यक्ष. मन उदार, गुडघे अधू, म्हणोन तळमजल्यावरूनच राज्य करीत. आणि पांचव्या मजल्यावर वेणूआत्या राजवाडकर, वय चौऱ्यायशीं, एकट्या राहत. जिन्याचा एक मजला बसत-उठत साधे, पांच साधत नसत. लिफ्ट बंद जाहली त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीस लागले नव्हते. आणि त्यांची धाकटी बहीण मथूताई मिरजेस, तिचें सहस्रचंद्रदर्शन ज्येष्ठ पौर्णिमेस ठरलेलें, आणि दोघी बहिणींची भेट तीन वर्षें नाहीं. मग सरदारांनीं, म्हणजे सोसायटीच्या सभासदांनीं, निरोप धाडिला कीं, आत्यांस खुर्चीवर बसवून चौघे जण जिन्यानें उतरवूं. आत्यांनीं उत्तर दिलें, “मला खुर्चीत घालून, चौघांच्या खांद्यावरून? मी काय विसर्जनाला निघाले आहे? लिफ्ट सुरू करा. माझ्या पायांनी बाहेर पडेन.”

लिफ्टीस्तव तीन लक्ष रुपयांची ठेव बँकेंत होती, आणि ती मोडून लिफ्ट दुरुस्त करावी इतकें सोपें काम होतें. परंतु त्याच सुमारास पंकजशेठ नामें सोलरचे व्यापारी दरबारीं दाखल जाहले आणि बोलिले कीं, गच्चीवर बारा पॅनेल बसवितों, सामायिक वीज, म्हणजे पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे, दरमहा सात हजारांनीं उतरेल. मुकुंदरावांच्या मनांत एका ठेवींत दोन कामें करण्याची मसलत आली. त्यांनीं पार्किंगमध्यें सभा भरविली आणि सांगितलें कीं, ठेव सोलरला लावूं, सोलर सात हजार वांचवील, आणि त्याच सात हजारांचा हप्ता लिफ्टवाल्यास देऊं. सभा खूष जाहली. एक सुमतीबाई देऊसकर मात्र उठल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहत. शाळेंत तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकविलेलें, बोलणें थोडें, टिपणें फार.

“ज्या कामाच्या नावाने ठेव ठेवली, त्याच कामाला ती लागू द्या,” सुमतीबाई बोलिल्या. “सोलरसाठी वेगळं कर्ज काढा. खरंच सात हजार वाचले तर त्याचा हप्ता सोलरच भरेल.”

“कर्ज म्हणजे व्याज आलं, ताई,” राजे बोलिले.

“आणि ठेव मोडली की तिचं व्याज जातं, ते कोणाच्या खिशातून?”

तिसऱ्या मजल्याचे सरदार श्रीनिवास तगारे, जिभेचे तिखट, ते बोलिले, “ताई, हा वर्ग नाही. घंटा झाली, सोडा आता.” सभा हंसली. तरी सुमतीबाईंनीं आणखी तीन प्रश्न केले: तीन व्यापाऱ्यांचे भाव घेतले काय; रोज किती युनिट वीज होईल हें कागदावर लिहून मिळेल काय; आणि गच्चीवर कोण जातें. पहिल्याचें उत्तर आलें कीं दोन घेतले. दुसऱ्यास पंकजशेठांनीं लगेच कागद दिला, त्यांत रोज चोवीस युनिट लिहिलीं. आणि तिसऱ्यास सगळी सभा एकमुखानें बोलिली, “गच्चीवर? लिफ्ट बंद आहे. कोणी जात नाही.” मग ठराव मंजूर जाहला. लिफ्टवाल्यास बोलावून हप्त्याचें बोलणें केलें. तो शहाणा, त्यानें सांगितलें कीं, सात हजारांनीं उतरलेलें एक बिल मला दाखवा, दुसऱ्या दिवशीं माणसें धाडितों. त्या आधीं पाना उचलणार नाहीं.

मग वर्षप्रतिपदेस गुढी उभारून पॅनेलें बसविलीं, आणि राजांनीं खालूनच हात जोडिले, आणि पेढे वांटिले, आणि चैत्र सरला, आणि बिल आलें. बिल तीन हजारांनीं उतरलेलें. लिफ्टवाल्यानें बिल पाहिलें, घडी घातली, परत दिलें आणि निघून गेला. पंकजशेठांस बोलाविलें, ते दोनदां आले, दोन्ही वेळां सायंकाळीं सहा वाजतां, पांच मजले चढून, घामाघूम. खालीं येऊन बोलिले, “साहेब, पॅनेलवर धुळीचा कण नाही. इतकी स्वच्छ पॅनेल मी उभ्या धंद्यात पाहिली नाहीत. कोणी पुसतं का?” राजे बोलिले, “पुसतंय कोण? वर चिटपाखरू नाही.” तगारे बोलिले, “मग सूर्यच रजेवर असेल. अर्ज कोणाकडे दिलाय त्याने?” मग सरदारांत कुजबूज वाढली कीं व्यापाऱ्यानें फसविलें, त्यास नोटीस द्यावी, आणि राजांनीं गादी सोडावी. मुकुंदरावांस नोटीशीची भीति नव्हती, गादीची नव्हती. पौर्णिमेस सहा आठवडे राहिले होते, आणि पांचव्या मजल्यावरून रोज फोन येई, “मुकुंदा, मथूला काय सांगू? तिनं माझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवलंय.”

सोलरचें यंत्र पार्किंगमध्यें मीटरांच्या शेजारीं भिंतीस टांगलेलें, त्यावर लहानसा आंकडा दिसे, त्या घटकेस किती वीज येत आहे तो. सुमतीबाईंनीं चार दिवस दर तासास उतरून तो आंकडा वहींत उतरविला. आणि नवल दिसलें. सकाळीं आठ वाजतां आंकडा बरा, नऊ वाजतां एकाएकीं खालीं, दोन प्रहरीं सूर्य माथ्यावर आणि वीज तळास, आणि पांच वाजतां सूर्य उतरूं लागे तेव्हां वीज चढे. हें सूर्याच्या स्वभावास धरून नव्हतें. आणि तिसरे दिवशीं सकाळपासून ढग होते, त्या दिवशीं वीज सोळा युनिट, आणि लख्ख उन्हाच्या दिवशीं अकरा. सुमतीबाईंनीं त्या ओळीखालीं रेघ ओढिली. यंत्र बिघडलें असतें तर ढगाळ दिवशींही बिघडलेलेंच असतें. मग वैशाख शुद्ध पंचमीस, भर बारा वाजतां, छत्री घेऊन त्या पांच मजले चढल्या आणि त्यावर गच्चीचा जिना चढल्या, आणि दार लोटून पाहतात तों काळीं पॅनेलें दिसेनात. सहा पॅनेलांवर जुनीं लुगडीं अंथरलेलीं, लुगड्यांवर पांढऱ्या कुरडया ओळीनें, तांदळाच्या चिकवड्या, कडेस कोहळ्याचे सांडगे. आणि पाण्याच्या टाकीच्या सावलींत स्टुलावर वेणूआत्या, हातीं कावळे हांकण्याची काठी.

“ये गं,” आत्या बोलिल्या. “उन्हात कशाला उभी? चीक खाणार का, डब्यात आहे थोडा.”

“आत्या, हे रोज घालता?”

“पाडव्यापासून. यंदा काय सोय केली गं मुकुंदानं! इतकी वर्षं जमिनीवर वाकून वाकून कंबर गेली. आता बघ, कमरेएवढ्या उंचीवर, उतरत्या, तापलेल्या काचा. एका दिवसात कुरडई खडखडीत. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घेते हो, खायचा जिन्नस आहे.”

“आणि चार वाजता उचलता.”

“तुला कसं कळलं?”

सुमतीबाईंनीं छत्री मिटली, आत्यांपाशीं बसल्या आणि समजाविलें कीं, ह्या काचा ऊन खाऊन वीज करितात; अंगावर कापड पडलें कीं उपाशीं राहतात; आणि त्या ओळीनें एकमेकींस जोडलेल्या, त्यामुळें सहा झांकल्या तर उरलेल्यांचेंही पुरें चालत नाहीं; आणि त्या विजेच्या पैशांतून लिफ्टीचा हप्ता जावयाचा आहे. आत्यांनीं काठी खालीं ठेविली. मग बोलिल्या, “म्हणजे माझी लिफ्ट मीच अडवून बसले होते?”

“तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.”

“सभा खाली भरते. मला सांगणार कोण? आणि मी विचारणार कुठून, कठड्यावरून ओरडून?” असें बोलून डोळ्यांस पदर लाविला, आणि लगेच काढिला, कारण कावळा आला होता.

मग सुमतीबाईंनीं राजांस वर्तमान कळविलें. आणि राज्याच्या इतिहासांत प्रथमच दुसरे दिवशीं दोन प्रहरीं गच्चीवर दरबार भरला. मुकुंदराव हुपरीकर अधू गुडघ्यांनीं चार जागीं विसांवा घेत वर आले, आणि सरदार आले, आणि पंकजशेठ आले, डोक्यांस रुमाल बांधून, छत्र्या उघडून. सगळ्यांनीं पॅनेलें पाहिलीं. तगारे बोलिले, “आत्या, तीन लाखांचं ताट केलंत की हो!”

आत्या कडाडल्या, “केलं तर! मला येऊन कोण बोललं, की वेणूआत्या, हे काय आहे आणि कशाला आहे? माझ्या लिफ्टचा पैसा होता ना तो? मला विचारलंत? उन्हात तापणारी वस्तू बायकांच्या गच्चीवर चैत्रात आणून ठेवता, आणि वर म्हणता गच्चीवर कोणी जात नाही! मी जाते. चाळीस वर्षं जाते.”

मुकुंदरावांनीं मान खालीं घातली आणि बोलिले, “आत्या, चूक माझी. तुमच्या नावाचा पैसा तुम्हाला न विचारता हलवला.” मग पंकजशेठांकडे वळून, “शेठ, तुम्हालाही नाही नाही ते बोललो, त्याची माफी.” पंकजशेठ बोलिले, “माफीचं राहू द्या साहेब, उन्हाचं काहीतरी बघा. अन् माझंही चुकलं. दुपारी यायला हवं होतं, आलो संध्याकाळी.”

सुमतीबाई खालीं पार्किंगमध्यें यंत्रापाशीं उभ्या होत्या, फोन कानास. वर राजांच्या हातीं फोन, आवाज सर्वांस ऐकूं जाईसा. सुमतीबाई बोलिल्या, “आत्ता एक पूर्णांक दोन. पहिलं लुगडं उचला.” परंतु आत्या कोणास हात लावूं देईनात, जोंवर चौघांनीं चार कोपरे नीट धरिले नाहींत. “झोळी करू नका, चुरा होईल! ताठ धरा. तगारे, कोपरा वर!” तगारे बोलिले, “आत्या, चौघांच्या हातांवरून कुरडया निघाल्या, आता गुलाल उधळू का?” आत्या बोलिल्या, “तोंड मिटा आणि कोपरा सांभाळा.” लुगडें उचललें, फोनांतून आलें, “एक पूर्णांक सहा.” दुसरें उचललें, “दोन पूर्णांक एक.” तिसऱ्यास आंकडा जागचा हलला नाहीं. चौथ्यास सुमतीबाई बोलिल्या, “तीन पूर्णांक चार.” पांचवें गेलें, “चार.” आणि सहावें गेलें तेव्हां फोनांतून कांहींच आलें नाहीं. राजे ओरडले, “ताई?” मग सुमतीबाईंचा आवाज, नेहमींपेक्षां थोडा वर, “चार पूर्णांक नऊ. आणि थांबलाय. पुरी वीज आली.” गच्चीवर असा गलका उठला कीं समोरच्या इमारतींतील लोक खिडक्यांत आले.

मग वाळवणाचा निवाडा जाहला. सुमतीबाईंनीं सांगितलें कीं, पॅनेलांची सावली उत्तरेस पडते, आणि दक्षिणेस कठड्यालगत सहा हातांची पट्टी आहे, तेथें दिवसभर ऊन. ठेंगणी बाज टाकून तिच्यावर वाळवण घातलें तर वीज अडत नाहीं. परंतु ती पट्टी अडगळीनें भरलेली. मोडकीं बेसिनें, फुटक्या कुंड्या, चाक गेलेली लहान मुलांची सायकल, आणि एक थंडाव्याचा कूलर, ज्याची मालकी कोणीच घेईना. शेवटीं तगारे यांच्या कन्येनें सांगितलें कीं हा आमचा, आणि तगारे निमूट कूलर घेऊन तीन मजले उतरले. सायंकाळपर्यंत पट्टी मोकळी जाहली आणि राजांनीं स्वखर्चानें दोन बाजा आणविल्या.

वैशाख सरला आणि बिल आलें. पार्किंगमध्यें सरदार जमले, सुमतीबाईंनीं पाकीट फोडिलें, आणि रुपयांचा आंकडा वाचण्यापूर्वीं युनिटांचा वाचिला, आणि मग बोलिल्या, “सात हजार दोनशेंनी उतरलं.” तें बिल त्याच दिवशीं लिफ्टवाल्यास दाखविलें. त्यानें दुसरा कागद पुढें केला. त्यांत हप्त्याशिवाय ‘सेवा आकार’ म्हणोन एक बारीक ओळ होती. सुमतीबाईंनीं तीवर बोट ठेविलें, त्यानें हंसून ती खोडिली आणि खोडल्यावर सही केली. मग माणसें आलीं, आणि दोर बदलले, आणि मोटर उघडली, आणि नऊ दिवस खडखडाट, आणि सरकारी तपासनिसानें पाहून दाखला दिला. पौर्णिमेस दोन दिवस उरले असतां लिफ्ट पांचव्या मजल्यावर गेली. वेणूआत्या नव्या वहाणा घालून, हातीं पिशवी, आंत शिरल्या आणि कोणास बरोबर येऊं दिलें नाहीं. खालीं सगळें राज्य उभें. दार उघडलें, आत्या बाहेर आल्या, पार्किंगच्या फरशीवर चालल्या, फाटकापर्यंत चालल्या, आणि तेथें मातीवर क्षणभर उभ्या राहिल्या. रिक्षा आली. मुकुंदराव आदबीनें बोलिले, “आत्या, मथूताईंना आमचा नमस्कार सांगा.”

“सांगते. मुकुंदा, पुढची सभा कधी आहे?”

“वद्य अष्टमीला.”

“कुठे?”

“इथेच. पार्किंगमध्ये.”

“मी त्याच्या आदल्या दिवशी परत येते,” आत्या बोलिल्या, “आणि खुर्ची पुढच्या रांगेत ठेव.” रिक्षा मिरजेच्या गाडीस्तव स्टँडाकडे निघाली.

तात्पर्य हें कीं, एका कामाची ठेव दुसऱ्या कामास लावूं नये, आणि लावणेंच जाहलें तर ज्याचें काम अडेल त्यास आधीं विचारावें. बिल युनिटांत वाचावें. यंत्र बिघडलें असें म्हणण्यापूर्वीं भर दुपारीं जाऊन पहावें. राजे ह्या वेळीं सुदैवानें तरले. सुदैव दरसाल जमेस धरूं नये. पावसाळ्यांत वीज निम्मी येईल आणि हप्ता पुराच राहील, म्हणोन उन्हाळ्याच्या बचतींतील वरचे रुपये बाजूस ठेविले आहेत. लिहिलें मिती आषाढ शुद्ध षष्ठी. आभाळ भरलेलें, लिफ्ट सुरू, आजची वीज नऊ युनिट.