पाठीवरचा भोवरा

आमचे माधवनगरचे शेजारी डॉ. हणमंतराव नव्या माणसाचं तोंड बघतच नाहीत, आधी पाय बघतात. पहिल्या भेटीत मी हात जोडून उभा, आणि हे खाली वाकून म्हणतात, "मागचा उजवा जरा उचलून टाकताय तुमी."

"मला मागचेच दोन आहेत," मी म्हणालो.

"तरीबी उजवाच." मग माझ्या बायकोसमोर त्यांनी मला अंगणात चार चकरा मारायला लावल्या. दुखणं उजव्या गुडघ्यातच निघालं, हे मला मोठ्या नाराजीने कबूल करावं लागतं.

हणमंतराव जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात तीस वर्षं प्रोफेसर होते. घर वडूजकडचं, पिढ्यान् पिढ्या खिलार गुरं पाळणारं. त्या घरात अक्षर ओळखणारे हे पहिलेच, बाकी सगळे खूर ओळखणारे. परदेशात भाषणं करून आले, पण बोली बदलली नाही आणि एक हट्ट काही सुटला नाही.

हट्ट भोवऱ्याचा. आपल्याकडे गाईबैलाच्या अंगावर केसांचा भोवरा वाईट जागी असला की ते जनावर घरबुडवं ठरतं. मालक त्याला बाजारात ढकलून मोकळा होतो. हे ऐकलं की हणमंतराव पेटतात. "भोवरा केसाला असतोय, नशिबाला न्हाई. पुरावा दाव!" एका लग्नात हातात अक्षता घेऊन त्यांनी नवरीच्या मामाशी यावर वाद घातला. मंगलाष्टकं संपली, वाद संपला नाही. तोंडी परीक्षेला ते असलीच एखादी गाय उभी करत आणि विचारत, "काय आजार हाय हिला?" घाबरलेली पोरं तिला तीन-तीन रोग लावत. खरं उत्तर एकच, काही नाही. ते देणारं पोर दोन वर्षांतून एखादं निघे.

गेल्या महिन्यात वडूजहून पुतण्याचा फोन आला. घरच्याच एका कालवडीच्या पाठीवर भोवरा होता. हणमंतरावांचे थोरले भाऊ आप्पा, यांची नातसून पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. त्यामुळे आप्पा त्या कालवडीला आजच बाजारात धाडणार होते.

"चला," हणमंतराव मला म्हणाले. गाडी माझी, घाई त्यांची.

पोहोचलो तेव्हा दारात टेम्पो उभा होता आणि कालवड त्याला बांधलेली. हणमंतराव तासभर बोलले. केस, कातडी, वंश, प्रयोग, सगळं झालं. आप्पा तंबाखू मळत ऐकत होते.

"तुझं कालेज तिकडं," ते शेवटी म्हणाले. "घरात पोटुशी पोर हाय. मी इषाची परीक्षा बघनार न्हाई."

हणमंतराव त्यांच्या शेजारी टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, मी जन्मलो आन् तिसऱ्या दिवशी आई गेली. समदा गाव म्हनत व्हता, पोर पांढऱ्या पायाचं हाय, देऊन टाका कुनाला तरी. आपल्या बापानं, आबांनी, दिलं का मला?"

तीस वर्षं हा माणूस कुणाची वकिली करत होता ते मला तेव्हा कळलं.

आप्पांचा मळणारा हात थांबला.

"आबांनी दिलंच व्हतं," ते म्हणाले. "पाटनकडचं बिनपोराचं जोडपं बैलगाडी घिऊन आलं व्हतं. मी धा वर्सांचा. तुला पोटाशी धरून गोठ्यात शिरलो आन् गाईच्या आडाला बसलो. आबा ओढाय आले, तर त्यांच्या हाताला चावलो. दिस मावळला तरी उठलो न्हाई. मग गेली गाडी रिकामी."

एवढ्या वर्षांत हे हणमंतरावांना कुणी सांगितलं नव्हतं. हणमंतराव भावाकडे नुसते बघत राहिले.

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. टेम्पोवाल्याला त्यांनी 'जा' अशी खूण केली, कालवडीचं दावं सोडलं आणि तिला नेऊन परत दावणीला बांधलं. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "हणमा, जेवल्याबिगर जाऊ नगंस."