गजराचं मनगटी घड्याळ आणि सासऱ्यांचे कान

"गजर कसा हवा? मालकाला जाग यावी आणि शेजारच्याला पत्ताही लागू नये!" कानवाल्यांनी मनगट पुढे करत जाहीर केलं.

कानवाले म्हणजे दवाखान्यात लोकांचे कान तपासणारे गृहस्थ. दिवसभर लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे, म्हणून की काय, मोठ्या आवाजाचा त्यांना भयंकर तिटकारा. मोबाइलचा गजर म्हणजे त्यांच्या मते झोपलेल्या माणसाच्या अंगावर ओतलेली बादली! म्हणून जुन्या बाजारात हे चावीचं घड्याळ दिसताच ते तिथंच विरघळले. दोन चाव्या, एक वेळेची, एक गजराची. सेल नाही, चार्जिंग नाही. गजर झाला की आतली इवलीशी हातोडी घड्याळाच्या पाठीवर थरथरायची आणि मनगटाला गुदगुल्या व्हायच्या.

"जणू कुणी प्रेमानं हात धरून उठवतंय!" कानवाले म्हणाले.

"मग मी काय करते रोज?" बायकोनं विचारलं.

"तू पांघरूण ओढतेस!"

बायको हसली नाही. तिचा जीव वडिलांत अडकला होता. ते एकटेच राहायचे आणि कान पार गेलेले. दारावर थापा मारून माणूस दमायचा, तरी हे आत निवांत! कानाला यंत्र लावा म्हटलं की भडकायचे. "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच हल्ली पुटपुटता!"

शेवटी ते तपासणीला तयार झाले, पण अट घालून. कान चांगले निघाले तर हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

इस्त्रीचा सदरा घालून सासरे लेकीबरोबर दवाखान्यात आले. बसल्या बसल्या त्यांची नजर घड्याळावर गेली.

"बघू, जावईबापू? वा! काय चीज आहे!"

घरात ज्याच्या घड्याळाला कुणी विचारत नाही, त्याला असा रसिक भेटला की तो काय करणार? कानवाल्यांनी घड्याळ काढून सासऱ्यांच्या मनगटावर बांधलं आणि त्या भरात त्यांना तपासणीच्या काचेच्या खोलीत बसवलं. चहाच्या सुट्टीसाठी आपण गजर लावून ठेवलाय, हे मात्र साफ विसरले!

"आवाज आला की बटण दाबायचं!" कानवाले कानात ओरडले, हेडफोन चढवला आणि जाडजूड दार लावून बाहेर येऊन बसले.

मोठा आवाज सोडला. बटण दाबलं की बाहेर लागायचा तो दिवा लागला नाही. आणखी मोठा सोडला. सासरे शांत. कानवाले उसासा टाकून आवाज कमी करताहेत, तोच दिवा लागला! आणखी कमी केला, तरी लागला. मुंगीनं पाय आपटल्यासारखा आवाज सोडला, तरी सासरे बटणावर तुटून पडलेले! मग एकदम सगळं थंड. जरा वेळानं पुन्हा बटणांचा पाऊस! (थरथर थांबली की सासरे घाबरून गजराची चावी पिळत होते आणि पिळली की घड्याळ पुन्हा थरथरत होतं. जाड काचेमुळे बाहेर ऐकू येतंय कुणाला!)

धावत जाऊन कानवाल्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आणलं. त्यांनी तपासणीचा कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हा कान माणसाचा आहे ना?"

सासरे विजयी मुद्रेनं बाहेर आले. "काय म्हणालो होतो? संपला विषय!"

लेक दारातच उभी होती. "बाबा, चहा घेणार?" तिनं मागून विचारलं. उत्तर नाही. "बाबा, निघायचं?" उत्तर नाही. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सासऱ्यांनी पुन्हा चावी पिळली. शांत खोलीत डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज घुमला. डॉक्टरीणबाई खुर्चीवर चढल्या, आणि सासरे हात उंचावून ओरडले, "बघा! आत्तासुद्धा ऐकू आलं!"

कानवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी सासऱ्यांचा हात धरला आणि कानाशी तोंड नेलं. "बाबा, ऐकू येतंय की हाताला लागतंय?"

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"हाताला," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, ऐकू येणं म्हणजे आता असंच असतं. विसरलोय मी."

लेक येऊन शेजारी बसली.

"पहाटेचा गजर कळत नाही गं," ते तिला म्हणाले. "फिरायला उशीर होईल या भीतीनं नीट डोळाच लागत नाही. हे घड्याळ मला देता का, जावईबापू? मग म्हणाल ते यंत्र लावतो."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे कुठलं घड्याळ टिकणार? "तुमचंच आहे ते," कानवाले म्हणाले आणि गिळलेला आवंढा निदान सासऱ्यांना तरी ऐकू गेला नाही.

यंत्र आलं. सासरे खुलले. लेकीशी फोनवर गप्पा मारू लागले, शेजाऱ्यांच्या भांडणात मतं देऊ लागले. एके दिवशी त्यांनी जावयालाच फोन केला.

"जावईबापू, यंत्र झकास! पलीकडच्या बिऱ्हाडातली कुजबुजसुद्धा ऐकू येते!"

कानवाल्यांना आशेचा किरण दिसला. घसा साफ करून, शक्य तितक्या मऊ आवाजात ते म्हणाले, "मग बाबा, आता साधा गजरही ऐकू येत असेल. ते घड्याळ... परत न्यायला येऊ का?"



"काय म्हणालात?" सासरे ओरडले. "मोठ्यानं बोला! काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये!"