रेवतीच्या अंतरपाटाची आणि जुन्या काळ्या पेटीची हकिगत

श्री प्रकाश प्रसन्न. ज्याच्या कृपेवाचून काळ्या पेटीत काही उमटत नाही त्या तेजास प्रथम नमन, आणि ज्या अंधारावाचून उमटलेले टिकत नाही त्यासही नमन करून लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष सरता सरता एका राज्यात लग्नाची तिथी निघाली. राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. चतुःसीमा तीन खोल्या व एक गच्ची इतकीच. तेथील राणीसाहेब दमयंतीबाई यांची धाकटी कन्या रेवती, तिचे कार्य माघमासी योजिले, आणि मग वाजंत्री, आचारी व मांडववाले यांनी चहूकडून खजिन्यास वेढा दिला. खजिना पडत आला तोच नामांकित फोटोवाल्याचा वकील येऊन आपला आकडा बोलला, आणि तो ऐकून दमयंतीबाईंनी वकिलास चहा पाजून मानाने परत पाठविले.

मग त्यांनी आपल्या धाकट्या भगिनी इंदुमतीबाई यांस बोलाविले. इंदुमतीबाई शाळेत प्रकाश व भिंगे शिकवीत, थोडे बोलत आणि बोलण्याआधी मोजून पाहत. त्यांस दमयंतीबाई म्हणाल्या, "इंदे, फोटो तू काढायचेस. बाकी काढ, नको काढूस, मला एकच हवा. अंतरपाट खाली जातो ना, तेव्हाचं रेवतीचं तोंड." कारण की त्या कुळाचा आचार ऐसा, लग्न लागताना मुलीच्या आईने पाहू नये, मागल्या दारी तुळशीस पाणी घालीत बसावे. थोरल्या कन्येच्या वेळी त्या नेमाने बसल्या, म्हणाल्या फोटोत पाहीन, आणि मग भाड्याच्या फोटोवाल्याचा आल्बम आला, तो त्या क्षणाच्या फोटोत अक्षतांचा दाणा न् दाणा स्वच्छ आणि नवरी धुक्यात. "तांदूळ कोलम होता की आंबेमोहोर, तेसुद्धा ओळखू येतं बघ," दमयंतीबाई म्हणाल्या, "पोरगी तेवढी ओळखू येत नाही."

इंदुमतीबाईंचे यजमान त्र्यंबकराव विनोदी स्वभावाचे. ते म्हणाले, "ताई, मग या खेपेस बसूच नका तुळशीपाशी. कोण विचारतंय?"

"आईनं पाळलं, मी पाळणार. तुम्ही मध्ये बोलू नका."

"बरं, फोन आहेत की सगळ्यांकडे."

"आहेत ना. प्रत्येक फोनमध्ये बाकीच्यांचे फोन येतात," इंदुमतीबाई शांतपणे वदल्या, आणि खजिन्यातून बहिणीने जे काढून दिले ते रुमालात बांधून उठल्या.

तोवर पौष लागला. पौषात खरेदी करू नये ऐसा दंडक, परंतु पाहू नये ऐसे कोणत्याही शास्त्रात लिहिले नाही, म्हणून इंदुमतीबाई यजमानांसह बाजारपेठेवर चालून गेल्या. सोबत दारूगोळा म्हणून एक पंचा आणि पिशवीभर तांदूळ. पहिल्या दुकानी काचेच्या कपाटांची तटबंदी होती, आणि तेथील व्यापाऱ्याने एक नवी पेटी पुढे करून तिच्या ठिपक्यांची संख्या कोटीत सांगितली, आणि म्हणाला, "मॅडम, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"लग्न रेवतीचं आहे हो, चंद्राचं नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

इंदुमतीबाईंनी विचारले, "दिवे थोडे मालवता येतील? मंगल कार्यालयात एवढा उजेड नसतो." दिवे मालवताच चंद्र पाहणारीच्या डोळ्यापुढे अंधारी आली आणि व्यापाऱ्याचे तोंड उपम्यासारखे रवाळ उमटले. मग इंदुमतीबाईंनी तांदूळ काढले, तो व्यापारी म्हणाला, "हे काय करताय?" आणि त्या दुकानातील मोहीम तेथेच संपली.

दुसरे दुकान गल्लीच्या टोकास, वापरलेल्या कॅमेऱ्यांचे. मालक बाबूसेठ, मिशी भरदार, मन मोठे. त्यांनी एक जुनी पेटी दाखविली, कोपरे घासलेले, पट्टा विटलेला, परंतु पुढे भिंग रुंद डोळ्याचे. रुंद डोळा अंधारात अधिक उजेड पितो हे इंदुमतीबाई दरसाल फळ्यावर काढून दाखवीत. त्या म्हणाल्या, "सेठ, तुम्हाला जरा नवरी व्हावं लागेल."

"आं?"

"इथे उभे राहा. हे पंचा धरतील आणि तांदूळ टाकतील."

बाबूसेठ खजिल होऊन उभे राहिले, आणि त्र्यंबकरावांनी खड्या आवाजात "शुभमंगल सावधान!" म्हणून पंचा सोडला आणि तांदूळ उधळले, आणि इंदुमतीबाईंनी कळ दाबली. पाहतात तो काय, तांदूळ स्वच्छ आणि मिशी धुक्यात! तीन वेळा केले, तिन्ही वेळा तेच. त्र्यंबकराव म्हणाले, "पोहे टाकून बघू का?" पण इंदुमतीबाईंस हसू आले नाही. बहिणीचा तो आल्बम डोळ्यांपुढे आला आणि मनात भय शिरले की दोष पेटीचा नसून क्षणाचाच आहे, आणि ताई या वेळीही तांदूळच पाहणार.

मग त्या खाली मान घालून विचार करत्या जाहल्या. पेटीस मन नाही. जे जवळ हलेल त्याकडे ती धावते. मग तिला धावू का द्यावे? नवरी पाटावर उभी. पाट कोठे पळतो? म्हणून त्यांनी भिंगावरचा खटका मागे ओढून आपोआप रोखणे बंद केले, कडे हाताने फिरवून बाबूसेठांची मिशी केस न् केस स्वच्छ केली, आणि मग हात काढून घेतला. "पुन्हा." पंचा पडला, तांदूळ उडाले, आणि चित्रात मिशी तळपत राहिली. बाबूसेठ स्वतःचे चित्र पाहून म्हणाले, "वा! माझ्या खऱ्या लग्नातसुद्धा एवढा चांगला नव्हतो दिसलो. पण बाई, दुकान झाडून द्यायचं हां." त्र्यंबकरावांनी झाडून दिले, आणि माघाच्या पहिल्याच शुभदिनी पेटी राज्यात दाखल जाहली, आणि खजिन्यात पेढ्यांपुरते उरलेही.

लग्नाचे दिवशी इंदुमतीबाईंनी कार्यालयाचा एक खांब पाठीशी घेतला, पायापाशी कुंकवाची खूण केली, आणि रेवती पाटावर येताच कडे फिरवून तिची नजर, नथ, मुंडावळ्या बांधून ठेविल्या. तिकडे दमयंतीबाई तांब्या घेऊन मागल्या दारी गेल्या. मंगलाष्टके रंगात आली, आणि इतक्यात वराकडील एक स्थूल काका फोन उंचावून नेमके पुढे ठाकले. इंदुमतीबाईंस हलता येईना, कारण हलावे तर अंतर मोडले. त्यांनी यजमानांकडे नुसते पाहिले. त्र्यंबकराव धावले आणि म्हणाले, "काका, मानाचं ताट! दोन्ही हातांनी धरा, आणि इकडे या!" काका मानास भुलून बाजूस सरले, त्याच श्वासास "सावधान!" जाहले, वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली गेला, आणि इंदुमतीबाईंनी कळ दाबली.

मग त्या कोणाशी न बोलता मागल्या दारी गेल्या. दमयंतीबाईंच्या हातचा तांब्या केव्हाच रिकामा जाहला होता, तरी त्या ओततच होत्या. इंदुमतीबाईंनी पेटीच्या पाठीवरची लहानशी काच त्यांपुढे धरली. दमयंतीबाईंनी पदराने डोळे पुसले, काच जवळ घेतली, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं बाई! नथ वाकडी झालीय की तिची!"

"कुठे?"

"ही बघ. आणि सगळे डोळे फुटल्यासारखे उभे आहेत, कुणी सरळ करेना. धर हा तांब्या." असे बोलून त्या वाजंत्रीच्या गजरात स्वतः बोहल्यावर गेल्या आणि लेकीच्या तोंडास हात लाविला.

तात्पर्य इतुकेच की, राज्याने थोडक्यात पेटी मिळविली, आईने लेकीचे लग्न पाहिले, नथ सरळ जाहली. तांदूळ कोणता होता, हे मात्र या खेपेस कोणास ओळखता आले नाही.