ट्रफलच्या मनोमीलनाचा अहवाल

केटरिंग गावच्या लिनेट हार्गेडनला नवऱ्याला सोडून जायचं होतं, आणि त्यासाठी तिला तातडीने दुसरा ससा हवा होता.

यात विचित्र काहीच नाही. ट्रफल हा ससा तिने प्राण्यांच्या आश्रमातून आणला होता आणि आणताना नऊ पानी करारावर सही केली होती. कलम चार: ससा एकटा ठेवता येणार नाही. एकटा पडला की तो झुरतो, आणि आश्रम त्याला परत नेतो. ट्रफलची जोडीदारीण फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून तो कोपऱ्याकडे तोंड करून बसे आणि समोर ठेवलेल्या कोथिंबिरीला तोंडही लावत नसे. घरात लिनेट मनातलं बोलायची ते फक्त त्याच्याशी. त्याला मागे ठेवून ती जाणार नव्हती, आणि एकट्याला बरोबर नेलं तर आश्रम त्याला काढून घेणार.

आश्रमाने शशक मनोमीलन सेवेचा पत्ता दिला. तिथून व्हेरिटी स्टॅनर्डबाई आल्या, एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात चौदा रकान्यांचा तक्ता घेऊन. पिंजऱ्यात डचेस नावाची करडी सशीण होती. दोन ससे नुसते समोरासमोर सोडले तर एकमेकांच्या जिवावर उठतात, त्यांची ओळख रीतसरच व्हावी लागते, असं बाईंनी दारातच बजावलं.

"तटस्थ जागा हवी. जिथे कुणाचीच हद्द नाही, कधी भांडण झालेलं नाही अशी. जुनी कटकट सशांना बरोबर कळते."

"बैठकीची खोली?" लिनेटच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, विचारलं.

"तिथे दोन हजार एकोणीसचा नाताळ झालाय," लिनेट म्हणाली.

"स्वयंपाकघर?"

"तुझी आई."

"मग बाग?"

"कुंपण."

क्लाइव्हने मान हलवली. कुंपण त्यालाही आठवत होतं. शेवटी न्हाणीघर ठरलं, कारण त्या दोघांनी तिथे एकत्र कधी पाऊलच ठेवलं नव्हतं.

तीन आठवडे रोज चाळीस मिनिटं हा कार्यक्रम चालला. टबात टॉवेल अंथरून ससे, कमोडच्या झाकणावर स्टॅनर्डबाई, आणि टबाच्या काठावर दोन टोकांना, दोन दिशांना तोंडं करून, हार्गेडन दांपत्य. मालकांचा ताण सशांना जाणवतो, म्हणून तक्त्यात मालकांसाठीही रकाने होते. डचेसने पहिल्याच दिवशी ट्रफलचा कान धरला. दुसऱ्या दिवशी ट्रफलने परतफेड केली. टब केसांनी भरला. बाई सुस्कारे सोडत, पान उलटत आणि लिहीत.

शेवटच्या दिवशी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"यांचं जमणार नाही. मनाविरुद्ध एका छपराखाली कोंडणं म्हणजे शुद्ध क्रूरता. कलम अकरा."

लिनेटने विचारलं, "म्हणजे ट्रफलला नेणार तुम्ही?"

"छे हो! कलम चौदा. दुसऱ्या सशाशी न पटणारा ससा माणसांच्या घट्ट जोडीजवळ ठेवता येतो. आणि तुमच्याइतके गुण मी बावीस वर्षांत कुणाला दिले नाहीत. पाठ फिरवून शांत बसणं, दहापैकी दहा. समोरच्याची दखल न घेता आपापलं खाणं, दहा. एकमेकांकडे दुर्लक्ष ही तर जमल्याची पहिली खूण असते."

"बाई, आम्ही बोलतच नाही हो एकमेकांशी."

"तेच तर म्हणतेय मी."

"तिची बॅग भरलेली आहे," क्लाइव्ह भिंतीकडे बघत म्हणाला. "पलंगाखाली. मार्चपासून."

लिनेटने वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"झाडतो ना मी तिथे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भरताना बोलली होतीस?"

त्याचे कान लाल झाले होते. लिनेटला वाटलं, आता घर हादरेल एवढं ओरडावं. साबणाचं भांडं त्याच्या टाळक्यात घालावं, रडावं, अकरा वर्षांचं सगळं एकदाच ओकून टाकावं. तिने तोंड उघडलं. त्याचेही ओठ हलले. कदाचित तो 'जाऊ नकोस' म्हणाला असता, कदाचित 'जा एकदाची' म्हणाला असता.

"जपून!" बाईंनी टोपण काढलं. "आवाज चढला, ओरबाडाओरबाडी झाली, तर जोडी फुटली असं लिहावं लागेल. मग ट्रफल आजच माझ्या गाडीत."

टबात ट्रफल नाक हलवत तिच्याकडे बघत होता. लिनेटने सगळं गिळलं.

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"तू करणारच असशील तर," क्लाइव्ह म्हणाला.

"उत्तम!" बाईंनी शेवटच्या रकान्यात दहा लिहिले.

डचेसची त्याच दिवशी सुटका झाली. तिने रीतसर चावे घेतले होते, त्यामुळे तिचं म्हणणं ग्राह्य धरण्यात आलं. हार्गेडन दांपत्याला शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं: जोडी अतूट, विलग करू नये, दर सहा महिन्यांनी तपासणी. लिनेटने खाली सही केली आणि त्याच पेनाने क्लाइव्हनेही केली.

मागणी वाढल्यामुळे सेवेने आता ससा नसलेली घरंही तपासायला घेतली आहेत. तुमच्याकडे भांडणं होत नाहीत ना? उत्तम. शेजारच्या माणसाकडे पाठ करून तुम्ही हे किती निवांत वाचत होतात! आता वळून बघू नका. स्टॅनर्डबाई गुण मांडताहेत.