खंडोजीअण्णांची शिंक

खंडोजीअण्णा दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत. म्हशीलाही करत. मोतीबिंदूने दोन्ही डोळे अधू झाले होते, पण ते कबूल करायचं नव्हतं. ओळखीचं कुणी सुटू नये म्हणून सरसकट सलाम. मी हटकलं की म्हणत, "रिसाल्यातल्या माणसाला शिकवू नकोस गं, सखू."

महाराजांच्या घोडदळातून निवृत्त होऊन ते म्हैसुरात आमच्या शेजारी राहत. बायको तुळसाक्का जन्माची मुकी-बहिरी. हातांनी बोलायची. खुणा दोघांनीच बनवलेल्या. कानाची पाळी ओढली की मीठ संपलं, नाकाचा शेंडा मुरडला की शेजारची मी, सखू, आले. अण्णांना दिसेनासं झालं आणि तिचं बोलणंच बंद पडलं. अशा एकदोन खुणा सोडल्या तर बाकी कुणाला त्यातलं काही कळत नसे.

"दसऱ्याची स्वारी बघायचीय," असं सांगून अण्णा शस्त्रक्रियेला तयार झाले. डॉक्टरांनी बजावलं, "डोळ्यात औषध घातल्यावर दुखणार नाही. खरं अवघड नंतर. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडायचं, मान हलवायची नाही. जोराची शिंक आली तर जखम उकलेल, डोळा जाईल."

आणि अण्णांना तपकिरीचं व्यसन. डबी मी काढून घेतली.

"सुम्ने, नुसता वास घेतो गं," अण्णा कानडी मिसळून विनवू लागले.

दिली नाही.

शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना निजवलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"घोड्यावरून पडण्यापेक्षा बरं." मग हळूच, "ती आहे का इथं?"

"आहे."

"काय म्हणतेय?"

"मला काय कळतंय तिचं?"



तेवढ्यात झाडूवाल्याने खाटेखालची धूळ उडवली. मी त्याच्यावर ओरडेपर्यंत तुळसाक्काने अण्णांच्या नाकपुड्या थरथरताना पाहिल्या होत्या. तिने नाकाखाली बोट घट्ट दाबून धरलं. शिंक जिरली. बोट मात्र अण्णांनी संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

जखम भरली, जाड भिंगांचा चष्मा आला. दसऱ्याला सगळी गल्ली स्वारी बघायला निघाली. अण्णांना बोलवायला गेले, तर दोघं ओट्यावर समोरासमोर बसलेली. तुळसाक्काचे हात भराभर चालले होते. अण्णा मान डोलवत होते, मधेच ओशाळत होते.

"चला अण्णा, हत्ती निघाला."

त्यांनी तिच्या हातांवरची नजर काढली नाही.

"तू हो पुढं," म्हणाले. "ही आत्ता कुठं गेल्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत आलीय."