दामूअण्णांचे जर्मन आजोबा

गिरगावात घाऱ्या डोळ्यांचा माणूस दिसला की आमच्या मजल्यावरचे दामूअण्णा त्याला थांबवून त्याचं आजोळ विचारत. आता गिरगावात घाऱ्या डोळ्यांची कोकणस्थ मंडळी किती, हे काय सांगायला हवं? त्यांच्याबरोबर भाजीला गेलं की सकाळ गेलीच.

कारण असं, की दामूअण्णांचे आजोबा जर्मन होते. गिरणीची यंत्रं बसवायला बोटीनं आले, परळला राहिले, एका मालवणी बाईशी संसार केला आणि दोन मुलं लहान असतानाच तापानं गेले. मुलगा आईबरोबर मालवणला गेला. ते दामूअण्णांचे वडील. मुलगी मुंबईतच कुणा ओळखीच्यांकडे वाढली. पुढे तिचा पत्ता नाही. त्या आत्याचं कुणीतरी सापडावं, एवढीच दामूअण्णांची इच्छा. स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांच्यामागे घराणं संपणार होतं.

मला अर्धवट काम बघवत नाही. मी म्हटलं, "अण्णा, वाटेल तिथे शोधू नका. आधी लालबाग, मग परळ, मग दादर, असं धरा."

"वयनी, रक्त काय पत्त्यावर ऱ्हवता?"

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते नेमानं जात. पाठ व्यासपीठाकडे, तोंड गर्दीकडे. शिवाजी पार्कवर एका घाऱ्या गृहस्थांना त्यांनी भर घोषणांत गाठलं.

"तुमच्या आजीचे वडील जर्मन होते काय हो?"

"अहो, आम्ही गुहागरचे!"

"आधी सगळे असंच म्हणतात. घरी एकदा विचारून बघा."

पुढची 'झालाच पाहिजे' त्या गृहस्थांनी थेट दामूअण्णांच्या तोंडावर दिली. परतताना अण्णा खुशीत. "चिडलो कसो, बघितलात? आमचोच तो."

सर्वपित्री अमावास्येला चाळीच्या गच्चीवर सगळ्यांची पानं मांडली जात. वडे, खीर, आमटी. दामूअण्णांच्या आजोबांच्या पानावर मात्र उकडलेले बटाटे आणि पाव. "म्हाताऱ्याक तिखट सोसत नव्हता." आजोबांबद्दल त्यांच्याकडे खात्रीची म्हणावी अशी ही एकच माहिती. कावळे शेजारच्या वड्यांवर तुटून पडत, बटाट्यांकडे ढुंकूनही बघत नसत. मग सगळी गच्ची मदतीला येई.

"अण्णा, लग्न करतो म्हणा!"

"अहो, मुंबई मिळाल्याशिवाय नाही शिवायचा तो," पहिल्या मजल्यावरचे बाबूराव ओरडत.

दामूअण्णा हसत आणि हात जोडून दरवर्षी एकच पुटपुटत, "आत्येचा कोणतरी हुडकून काढतंय."

एका वर्षी सगळे खाली गेल्यावर मी गच्ची आवरायला थांबले. अण्णा त्या पानाशी बसूनच होते.

"वयनी, आत्येचा कोण गावला नाय, तर माझा पान कोण ठेवतलो?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मी केरसुणी खाली ठेवली. "आमच्या सासऱ्यांचं पान या कठड्यावर असतं. शेजारी जागा आहे. तिखट कितपत चालेल, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

त्यांनी आजोबांच्या पानाकडे पाहिलं. "बटाटे नको हां, वयनी. माका तिखट होया."

आता दर सर्वपित्रीला सासऱ्यांच्या शेजारी एक पान असतं. त्यावरची आमटी घरात कुणाला खाववणार नाही इतकी तिखट करते. कावळा लगेच येतो. त्या पानाच्या पलीकडे मी बटाटे आणि पावही ठेवते. त्या म्हाताऱ्याला तरी आता दुसरं कोण आहे? बटाट्यांना कावळा अजून शिवलेला नाही.