सातवा रकाना

निंगव्वाने खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि रामहरी उंबरा ओलांडायच्या आत विचारलं, "लग्न झालंय न्हवं?"

"ठरलंय," रामहरी म्हणाला.

"ठरलंय म्हंजे झालं न्हाय की."

"वैशाखात करायचं चाललंय, मावशी."

"मग वैशाखात ये तम्मा. सड्या माणसाला खोली द्यायची न्हाय, असं ठरवलंय मी. मागला एक होता. नळावर बसून दाढी करायचा, अन् भिंतीला बत्तीस खिळे मारून गेला. कशाला मारले, ते त्यालाबी सांगता आलं न्हाय." तिने दार ओढून घेतलं आणि कुलूप पुन्हा लावलं.

बाळीवेशीतली ही खोली रामहरीने पाहिलेली एकोणिसावी होती. आधीच्या अठरा ठिकाणीही त्याला हाच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याने हेच उत्तर दिलं होतं. खोटं सांगावं असं त्याला वाटलं नव्हतं असं नाही. सांगायला घेतलं की त्याचे कान लाल होत.

रामहरी केम गावचा. १९७२ च्या नोव्हेंबरात सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत तो कारकून म्हणून लागला. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि कोणताही फॉर्म हातात आला की एकही रकाना मोकळा न सोडण्याची त्याला सवय होती. या दोन गुणांमुळे दुष्काळी कामांवरच्या मजुरांची हजेरीपत्रकं उतरवून काढण्याचं काम त्याला मिळालं. दिवसभर खडी फोडणाऱ्यांची नावं लिहायची आणि संध्याकाळी एका गाववाल्याच्या ओसरीवर, सायकल आणि रिकाम्या पिंपाच्या मधल्या जागेत अंथरूण टाकायचं, असा त्याचा क्रम होता. शहर त्या वर्षी धुळीच्या रंगाचं झालं होतं. नळाला पाणी एक दिवसाआड येई. जिकडेतिकडे रेशनवर मिळणाऱ्या मिलो या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरीचा वास होता.

खोलीची घाई त्याच्यापेक्षा त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना होती. कुंडलिकराव कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मार्गशीर्षात साखरपुडा झाला तेव्हा त्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, "सोलापुरातली खोली माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगार मी तारीख धरणार न्हाय. थोरलीला अशीच बिनखोलीची दिली. तीन वरसं दिराच्या पडवीत पडदा लावून राहिली. ही धाकटी हाय. होळीपत्तर खोली झाली तर ठीक. न्हायतर नातेपुत्याचं एक स्थळ अजून थांबलंय."

मुलीचं नाव मुक्ता. रामहरीने तिला एकदाच पाहिलं होतं, तेही तिने पोह्यांची बशी पुढे ठेवून परत वळेपर्यंत. तेवढ्यात त्याचा निश्चय झाला होता. आता होळीला अठरा दिवस राहिले होते. लग्नासाठी खोली हवी होती आणि खोलीसाठी लग्न हवं होतं.

"सोपं हाय की," कचेरीत शेजारच्या टेबलावरचा धोंडप्पा म्हणाला. त्याची वीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्याला सगळंच सोपं वाटे. "रेशनकार्ड काढ. कुटुंबप्रमुख तू, अन् पत्नी म्हणून तिचं नाव टाक. म्हातारीला कार्ड दाखव. तोंडानं एक शब्द बोलायला नको."

"पण लग्न झालं नाही अजून."

"दोन महिन्यांत होणार का न्हाय? मग तू खोटं लिवत न्हाईस. फकस्त लवकर लिवतोयस."

हे रामहरीला पटलं. त्याने फॉर्म आणला आणि दुपारच्या सुट्टीत भरायला बसला. सातवा रकाना होता: 'यापूर्वी नाव ज्या कार्डावर होते त्या कुटुंबप्रमुखाचे नाव, गाव व दुकान.' हा रकाना सहसा कोणी भरत नसे. नवं कार्ड काढणारे तिथे एक आडवी रेघ मारत, आणि कारकून ती चालवून घेत. रामहरीने मुक्तासाठी कुंडलिकरावांचं पूर्ण नाव, कुर्डुवाडी, रेल्वे लाइनीजवळचं दुकान, असं सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. पुरवठ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने फॉर्म वाचला आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"इतका नीट फॉर्म पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला.

रामहरीला बरं वाटलं.

कार्ड आठ दिवसांत आलं. निंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिने कार्ड उघडलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारणीकडून नावं वाचून घेतली. "मग त्या दिवशी ठरलंय म्हणून का सांगितलंस? लाजतोस व्हय?" ती म्हणाली. रामहरीचे कान लाल झाले. त्याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "कुटं हाय ती?"

"माहेरी," रामहरी म्हणाला. यातला शब्दन् शब्द खरा होता.

त्याने त्याच दिवशी कुंडलिकरावांना पत्र टाकलं: खोली मिळाली, बघायला यावं. मग त्याने खोली झाडली, बत्तीस खिळे मोजले, ते तेवढेच होते, आणि एकावर सदरा टांगला. बऱ्याच दिवसांनी त्याला पडल्या पडल्या झोप लागली.

दुसरीकडे, पुरवठ्याच्या कचेरीने आपलं काम नियमाने केलं होतं. एका माणसाचं नाव दोन कार्डांवर राहू नये म्हणून सातव्या रकान्यातल्या दुकानाच्या पत्त्यावर एक कागद गेला. तो रामहरीच्या पत्राच्या एक दिवस आधी पोचला.

कुंडलिकराव पिशवी घेऊन दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने त्यांच्या कार्डावरच्या एका नावावर लाल रेघ मारली.

"ही कशाची रेघ?"

"मुक्ता कमी झाली."

"कमी कुटं झाली? घरात भाकरी थापतीया."

"सोलापूरला नांदायला गेली असा सरकारी कागद आलाय, कुंडलिकराव. लगीन झालं म्हणं." दुकानदाराने माप खाली ठेवलं. "आमाला जेवायला बोलावलं न्हाईत. न्हाय, राग न्हाय माझा. दुष्काळ हाय. पर सांगायचं तरी हुतं."

रांगेत पंधरा-वीस माणसं होती. त्यातली निम्मी कारखान्यातली. कुंडलिकराव घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती, आणि बायको दारात कपाळाला हात लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी रामहरीचं पत्र आलं. 'खोली मिळाली, बघायला यावं' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि रजेचा अर्ज लिहिला. मुक्ताला त्यांनी बरोबर घेतलं. लग्न झालं नाही हे सिद्ध करायला दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

ते बाळीवेशीत पोचले तेव्हा रामहरी अंगणात बादली घेऊन नळाला पाणी येण्याची वाट पाहत होता. त्याने बादली ठेवली आणि नमस्काराला वाकला.

"पाया पडू नकोस," कुंडलिकराव म्हणाले. "सोयरीक मोडली म्हणून सांगायला आलोय."

तेवढ्यात निंगव्वा बाहेर आली. तिने मुक्ताकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि आत जाऊन मिलोने भरलेलं मापटं आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं. "ये अव्वा. उजव्या पायानं लवंड. तुझी सासू हितं न्हाय, म्हणून काय झालं."

"थांबा," कुंडलिकराव म्हणाले. "लगीन झाल्यालं न्हाय हिचं."

"कार्डात हाय की."

"कार्ड खोटं हाय."

"शिक्का हाय त्याच्यावर. सरकार खोटं, अन् तुमी एकटे खरे?"

"मी बाप हाय तिचा. माझ्या पोरीचं लगीन झालं का न्हाय, मला ठावं नसंल?"

निंगव्वाचा चेहरा एकदम मऊ झाला. "आलं ध्यानात," ती हळू आवाजात म्हणाली. "बापाला न सांगता झालं व्हय. हुतंय असं, पावणं. आमच्या धाकट्या नणंदंनं केलं हुतं. सासरा सहा महिने बोलला न्हाय. मग नातू झाला अन् बोलायला लागला. आता पोरीला पदरात घ्या. पोरगा चांगला हाय, भिंतीला एक खिळा मारला न्हाय त्यानं."

कुंडलिकराव जितकं नाही म्हणाले, तितकी तिची खात्री वाढत गेली. शेजारच्या दोन बायकाही येऊन त्यांची समजूत घालू लागल्या. शेवटी त्यांनी रामहरीचं मनगट धरलं. "चल. जिथं नाव लिवलंस तिथं चल. ते काढून दे अन् मोकळा हो."

पुरवठ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने रामहरीला लगेच ओळखलं. तो फॉर्म त्याच्या लक्षात होता.

"नाव कमी करता येईल," तो म्हणाला. "पत्नीचं नाव पतीच्या कार्डावरून कमी करायला दोन कारणं चालतात. फारकत किंवा मयत. फारकत असेल तर तसं लेखी द्या, मग वडिलांच्या कार्डावर 'नांदत नाही' अशा शेऱ्यानं नाव परत चढेल."

"लगनाच्या आदी पोरीच्या नावापुढं 'नांदत न्हाय' लिवू?" कुंडलिकराव म्हणाले. "कुर्डुवाडीच्या दुकानात? त्याच रांगंत?"

"मग मयत."

"कोण मयत?"

"पती."

कुंडलिकरावांनी रामहरीकडे पाहिलं. ते जरा जास्त वेळ पाहत राहिले. रामहरी एक पाऊल मागे सरकला.

"अन् लगीन झालंच न्हाय असं म्हणलं तर?"

"तर यांनी सरकारला खोटं लिहून दिलं असं होईल. यांची नोकरी जाईल. आणि चौकशीला तुम्हांला नि मुलीला इथे यावं लागेल. चारपाच वेळा." कारकून मुक्ताकडे वळला. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

मुक्ता इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. "मला इचारून कुणी लिवलं न्हाय," ती म्हणाली. "आता काडतानाबी मला इचारू नका."

ती हे कोणाला म्हणाली ते कळलं नाही. पण रामहरीने मान खाली घातली, आणि कुंडलिकरावांनीही.

तिघं चालत स्टेशनवर आले. उन्हात रस्त्यावर माणूस नव्हतं. गाडी दीड तास उशिरा होती. कुंडलिकरावांनी बाकावर बसून बोटांवर काही मोजलं. नातेपुत्याच्या माणसाला काय सांगायचं, याचा विचार त्यांनी करून पाहिला. सरकारी कागदावर नवरा असलेली मुलगी कोण करून घेणार होतं? दुसरीकडे दिली तर ते दुसरं लग्न ठरत होतं. मोडायचं म्हटलं तर आधी पुरं व्हायला हवं होतं. सोलापूरला येताना त्यांच्या हातात सोयरीक होती. आता ती पुरवठ्याच्या कचेरीत होती.

"खोली बरी हाय," ते शेवटी म्हणाले. "खिळे लई हायती. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी धरू. तुमच्या वडलांना मी पत्र टाकतो."

रामहरी पुन्हा पाया पडायला वाकला.

"एक ऱ्हायलं," कुंडलिकराव म्हणाले. "लगीन हुईपत्तर जेवणार ती आमच्यात. अन् तिचं धान्य, साखर मिळणार तुला. हे काय बराबर न्हाय. दर शनवारी आणून द्यायचं. ओसरीवर ठेवायचं, च्या घ्यायचा, अन् माघारी फिरायचं. बोलायचं काम न्हाय."

पुढच्या शनिवारी रामहरी पॅसेंजरने कुर्डुवाडीला उतरला. काखेत मिलोची पिशवी होती आणि हातात साखरेचा डबा. कुंडलिकराव कामावर होते. दारात मुक्ता आली. तीन महिने त्याने तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलावं याचा विचार केला होता. आता बोलायचं नाही असं ठरल्यामुळे त्याला हायसं वाटत होतं. तिने पिशवी आत नेली. मग डब्याचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि डबा हातावर तोलला.

"ही कमी हाय," ती म्हणाली.

रामहरीचे कान लाल झाले. "मंगळवारी कचेरीतली चारजणं खोली बघायला आली हुती. त्यांना च्या केला."

"तुमच्या वाट्याची न्हवती?"

"ती संपली हुती."

मुक्ताने झाकण घट्ट लावलं. "म्हंजे माजी घातली," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली. चहा आला तो गुळाचा होता. रामहरीने तो सगळा प्यायला.